आवाजाची चाचणी

"सगळ्या गल्लीची तोंडं उघडून झाली, आता बापाच्या मागे लागलीस?" क्वॉक विंग यांनी गळ्याजवळचं बटण लावलं. कॅमेरा अजून बंद होता, तरी ते ताठ बसले होते.

त्यांची मुलगी आ-लान हसली नाही. संपावर गेलेल्या शिवणकारखान्यातल्या बायका, खोल्यांतून हुसकावलेले म्हातारे, रेल्वेचे रूळ घालताना मेलेल्यांची नातवंडं, सगळी तिच्यासमोर बोलली होती. तिचे माहितीपट पाहून आमचं चायनाटाऊन रस्त्यावर उतरायचं. गप्प राहिला तो एकटा बाप.

ते क्वॉक नव्हतेच. आम्हा चिन्यांना अमेरिकेची दारं बंद होती तेव्हा, इथल्या कुणा क्वॉकचा मुलगा असल्याचे कागद विकत घेऊन ते पोरवयात सॅन फ्रान्सिस्कोला उतरले, जसे आमच्यातले निम्मे उतरले. खरं नाव त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. आ-लानला ते हवं होतं. माहितीपटासाठी, असं ती म्हणायची. खरं तर स्वतःसाठीच.

"आधी आवाज तपासते." तिनं हेडफोन चढवले, टेप रेकॉर्डर मांडीवर घेतला. "सकाळी काय खाल्लं ते सांगा."

"पेज. खारवलेलं अंडं. अंड्यात काही दम नव्हता."

"हळू येतंय. लांबच्या कुणाला हाक मारल्यासारखं बोला ना."

वडिलांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. बंद होता. मग खिडकीकडे पाहत त्यांनी एकदम बायकी, चिरका सूर लावला.

"आ-सेऽऽक! अरे आ-सेऽऽक! तळ्यातून निघ मेल्या, भात निवतोय!"

"कोण आ-सेक?"

"मी. माह सेक." ते हसत होते. "आई अशी ओरडायची की पलीकडच्या गावातली म्हैस वळून बघायची. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही गं."

आ-लानला गप्प बसता आलं असतं.

"बाबा, टेप चालू होती."

"कॅमेरा तर बंद आहे!"

"आवाज यात येतो."

त्यांचा चेहरा उतरला. "पूस. आत्ताच्या आत्ता पूस. उद्या कुणी म्हणालं, बाप क्वॉक नाही, तर तू कोण? तुझी पोरं कोण?"

"आता कोण विचारतंय, बाबा?"

"सरकारला विचारायला काय लागतं! पूस म्हणतो ना!"

नको असेल ते पुसेन, हा शब्द ती प्रत्येकाला देत आली होती. बापाला कसा नाकारणार?

"पुसते. एकदा ऐका तरी."

तिनं हेडफोन काढून त्यांच्या कानांवर बसवले आणि टेप मागे नेऊन सुरू केली. वडिलांनी डोळे मिटले. हेडफोन लावलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही. ते इतक्या मोठ्यानं ओरडले, की खालच्या बेकरीतही ऐकू गेलं असेल.

"आलो गं आई, आलो!"