ओली विभूती

लातूरच्या एमआयडीसीतल्या या शेडमध्ये गुरलिंगआप्पांनी वीस वर्षं पाण्याच्या मोटारी बनवल्या. मोटार तयार झाली, की ते तिच्यावर विभूतीची तीन बोटं ओढत. लेथवर उजव्या हाताचं मधलं बोट गेलं, तेव्हापासून दोनच पट्टे उमटत, मधली जागा कोरी.

पुढं कारखाना बंद पडला. आता त्याच शेडमध्ये परदेशातून आलेल्या मोटारींचं गोदाम आहे, आणि आप्पा खोके फोडून माल तपासतात.

"आप्पा, पुन्हा विभूती! गिऱ्हाईक जुना माल म्हणून परत करायलेत," गोदामाचा मॅनेजर आसिफ करवादला.

"अरे, किती डाव सांगू? मी लावत न्हाई! तिकडचं सील हाय, तुझ्यासमोर फोडतो, तरी आत माझ्याच बोटांचं निशाण! पुसून पुसून वैतागलो बाबा."

तणतणतच त्यांनी नवा खोका ओढला, सील तोडलं, झाकण उघडलं. विभूती अजून ओली होती. पण आज पट्टा एकच होता.

दुसऱ्या खोक्यातही एकच. आप्पांनी उजवी मूठ मिटून घेतली.

"आप्पा, हात दाखवा," आसिफ हळूच म्हणाला.

आप्पांनी उजवी मूठ आणखी घट्ट आवळली.