बियाण्याची कणसं

"अहो, बांधाकडची कणसं कापू नका, ती बियाण्याची आहेत," कलावती ओरडली, पण नवऱ्याचा विळा थांबला नाही.

"दारात आलेली पाहुण्यांची बस माघारी धाडू? धान्यापेक्षा हुरडा पार्टीलाच भाव आहे आता. बियाणं काय, दुकानात मिळतं."

"सासूबाईंनी जपलेली ही गूळभेंडी ज्वारी कुठल्या दुकानात मिळते?"

त्याने कोवळी कणसं तिच्या ओच्यात टाकली. ती आगटीपाशी बसली. भाजलेली कणसं चोळताना तळहात पोळले.

निघताना एक पाहुणे म्हणाले, "असा गोड हुरडा जन्मात खाल्ला नाही. पुढच्या वर्षी हाच खायला येणार."

"या की!" नवरा म्हणाला आणि त्याची नजर बांधाकडच्या बोडक्या धाटांवर गेली.

कलावतीने ओचा झटकला. एकच दाणा पडला, तोही भाजलेला.