सत्तेचाळीस सालची नाणी

किसुके सुताराने बारा नाणी धुऊन फडक्यावर ओळीने मांडली. मिनेयोने एकेक नाणं उचलून उजेडात धरलं. सगळ्यांवर एकच साल होतं. जपानी शोवा शकाचं सत्तेचाळीस.

नाव बांधली होती एकेचाळीस साली. तसं पितळी पट्टीवर कोरलेलंच होतं.

सेतोच्या समुद्रावर तेव्हा लाकडी नावा होत्या आणि रीतही जुनीच होती. नवी नाव पाण्यात ढकलण्याआधी डोलकाठीच्या बुडाशी चौकोनी खाच कोरायची. तिच्यात त्याच सालची बारा कोरी नाणी, दोन फासे, कागदाचे बाहुला-बाहुली आणि मालकिणीच्या केसांची एक बट ठेवायची आणि वर लाकडी खुंटी ठोकायची. हा नावेचा जीव. तो उघडून कोणी बघत नसे. खुंटी कुजली होती, म्हणून किसुकेला ती काढावी लागली.

"जीव कधी बदलतात, किसुकेसान?" ठाऊक असूनही तिने विचारलं.

"नावेपायी माणूस गेला तर," म्हातारा म्हणाला.

मग त्याने नाळेवरचा, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाचा, रंग पटाशीने खरवडला. डाव्या अंगाच्या सहा फळ्या नव्या लाकडाच्या निघाल्या. काम झकास केलंय, तो म्हणाला, पण धडक साधी नव्हती.

मिनेयोच्या मुलाने, तेइजीने, ही नाव पंधरा दिवसांपूर्वी समोरच्या बंदरातल्या उराबेकडून घेतली होती. अपघात झाला आहे का, या प्रश्नापुढे उराबेने कागदावर 'नाही' लिहून शिक्का मारला होता. तेइजी सांगत होता की सौदा आधी पक्का झाला, मग आडनाव ऐकताच उराबे फिरला आणि नाव विकायची नाही म्हणाला. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, की घेऊन जा. तेव्हा मायलेक त्याच्या लहरीपणावर हसले होते.

आता तिला हसू येत नव्हतं. सत्तेचाळीसच्या शरदात तिचा नवरा राइझो संध्याकाळी जाळं टाकायला गेला आणि परत आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या होडीची अर्धी कूस तेवढी किनाऱ्याला लागली. तेइजी तेव्हा नऊ वर्षांचा होता. शवपेटीत ठेवायला देह नव्हता, म्हणून तिने त्याची टोपी ठेवली. त्या दिवशी उराबेही आला होता. त्याने शोकाच्या पैशांचं पाकीट ठेवलं, पण उदबत्ती लावली नाही, फोटोपुढे हातही जोडले नाहीत. उलट्या पावली निघून गेला. ही गोष्ट ती तेरा वर्षं विसरली नव्हती. फक्त तिचा अर्थ तिला आज लागला.

तेइजी म्हणाला, आई, इंजिन चांगलं आहे, जुनं कशाला उकरतेस. तिने नाणी रुमालात बांधली आणि दुपारच्या बोटीने ती पलीकडे गेली.

मच्छीमार संस्थेच्या कचेरीत अध्यक्षांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि चहा ओतला. मिनेयोने कपाला हात लावला नाही. रुमाल सोडून तिने नाणी टेबलावर ओतली. एक गडगडत उराबेच्या पायाशी गेलं. त्याने ते उचलून पालथं केलं आणि साल वाचलं.

अध्यक्ष जरा बाहेर गेले तर बरं होईल, असं तो हळूच म्हणाला.

"ते इथेच बसतील," मिनेयो म्हणाली. "तेरा वर्षं मी एकटीने सोसलं. आज मला साक्षीदार हवा."

"मिनेयोसान, ऐका माझं. नाव परत घेतो. आजच घेतो."

"नाव घाल चुलीत. माझ्या नवऱ्याला तू बुडवलंस. तेवढं तुझ्या तोंडून ऐकायला आलेय."

तिने त्याला अरे-तुरे केलं तसे अध्यक्ष चपापले. उराबेने मान खाली घातली.

धडक त्याच्याच नावेची होती, हे त्याने कबूल केलं. अंधार पडत होता, राइझोच्या होडीवर दिवा नव्हता, दिसली तेव्हा उशीर झाला होता. मिनेयोच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं. तिने अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं.

"आणि मग जीव बदललास. माणूस मारलास म्हणून."

"नाळ फुटली म्हणून," उराबे म्हणाला. "माणूस गेल्यावर बदलायची रीत तुमच्या बंदरातली. आमच्यात नाव फुटली तरी बदलतात."

"मेलेल्याच्या बायकोपुढे रीती सांगतोस?"

उराबेने हातातलं नाणं टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "मी शब्द दिला होता. तुम्ही तो मोडायला लावताय."

"कोणाला दिलास शब्द?"

"मी त्यांना आकडीच्या काठीने ओढून वर घेतलं. पाणी ओकले, शुद्धीवर आले. तुमच्या बंदराचे दिवे दिसायला लागले तसं त्यांनी फळ्यांवर कपाळ टेकलं. म्हणाले, तिकडे नको."

"तिकडे म्हणजे कुठे?" अध्यक्षांनी विचारलं, कारण मिनेयो विचारत नव्हती.

"घरी."

खोटं आहे, मिनेयो म्हणाली. त्याच्या नावाचा दगड टेकडीवर उभा आहे. दर वर्षी ती त्यावर पाणी घालते. इतकं सांगून ती थांबली. आता उराबे म्हणेल की तो पुढे वाटेत गेला, दवाखान्यात गेला, कुठेतरी गेला, म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कोबेला असतात," उराबे म्हणाला. "तीन मुली आहेत. धाकटी या एप्रिलात शाळेत जायला लागली."