पाण्याखालची गल्ली

"परत गायब," मुलगी म्हणाली.

नव्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर तिने माहिती साठवणारी दुसरी एसएसडी बसवली होती, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. ती मशीनला लगेच दिसली. पण तिसरी, केबलने जोडलेली, जिच्यात सगळे फोटो होते, ती यादीतून नाहीशी झाली. सकाळपासून हे तिसऱ्यांदा. केबल बदलून झाली, बायोसच्या सेटिंगचं एकेक पान पालथं घालून झालं. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर पोट उघडं टाकून पडला होता, मुलगी त्यात डोकं खुपसून बसली होती आणि समोर तिचे वडील भिंग घेऊन मदरबोर्डचं माहितीपुस्तक वाचत होते.

"लागत नसेल तर राहू दे," वडील म्हणाले. हेही तिसऱ्यांदा.

वडील धरणाच्या कामावर मोजणीदार होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एक खोरं पाण्याखाली गेलं. त्याआधी त्यातल्या एका गावात त्यांनी घरन्घर मोजलं होतं आणि प्रत्येक घराचे चारी बाजूंनी फोटो काढले होते, सरकारी नोंदीसाठी. आईचं माहेर त्याच गावातलं. लग्न नंतर झालं, गाव उठून नव्या वस्तीत गेल्यावर. आईने त्या गावाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. वडिलांनीही निगेटिव्हचे डबे माळ्यावरून कधी खाली आणले नाहीत.

मग दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, आईची नजर मधोमध पुसट होत चालली आहे. वर्षअखेरपर्यंत समोरचा चेहराही दिसणार नाही. त्याच संध्याकाळी वडील शिडी लावून माळ्यावर चढले.

मुलीने एकोणीसशे निगेटिव्ह स्कॅन केल्या. फोटोला फोटो जोडून त्यातून अख्खी जागा उभी करणारा एक प्रोग्राम तिच्याकडे होता. पण जुना कॉम्प्युटर तीन-तीन दिवस घरघर करायचा आणि मान टाकायचा. म्हणून तिने एकेक भाग निवडून हा नवा जुळवला होता.

एकसष्टाव्या पानाच्या तळाशी, तळटीपेच्या चांदणीपुढे, मुंगीएवढ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. वडिलांनी त्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग त्यांनी पानावर तळहात ठेवला.

बुडणाऱ्या प्रत्येक घराच्या दाराशेजारी पांढरी फुली मारायची, खाली तारीख घालायची आणि मारणाऱ्याने सही करायची, असा तेव्हाचा नियम होता. फुल्या मारायला दुसरी माणसं होती, मी फक्त फोटो काढले, असं ते बायकोला सांगत आले होते. छोट्या फोटोत ती सही कुणाला वाचता आली नसती. पण हे मशीन ती भिंत पडदाभर मोठी करून समोर ठेवणार होतं. आणि ते सुरू व्हायचं की नाही, हे आता त्यांच्या तळहाताखाली होतं.

त्यांनी हात बाजूला घेतला.

"इथे बघ. दुसरा स्लॉट भरला की केबलचे पाच आणि सहा नंबरचे पोर्ट बंद होतात. तुझी केबल कितव्यात आहे?"

मुलीने वाकून पाहिलं. "पाचव्यात," ती म्हणाली. "आणि मी सकाळपासून बिचाऱ्या मशीनला शिव्या घालतेय."

तिने केबल दोन नंबरला लावली. मशीन सुरू केलं. यादीत तिन्ही एसएसडी एकाखाली एक उभ्या राहिल्या.

प्रोग्राम कामाला लागला. घरघर नाही, खरखर नाही. पंख्याची झुळूक तेवढी. आतमध्ये एक गाव बांधलं जातंय, यावर विश्वास बसू नये इतकी शांतता. चहाच्या वेळेला मुलीने आईला हाक मारली.

"मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणत आई हात पुसत आली आणि बसली.

पडद्यावर आधी नुसती राखाडी धूळ होती. धुळीचे कण दाट होत गेले. त्यातून उतार निघाला, उतारावर दगडी पायऱ्या, पायऱ्यांच्या टोकाशी गल्ली. एका ओट्यावर कुत्रं झोपलं होतं. शेपूट हलल्यामुळे तेवढी अस्पष्ट आली होती. जिथे आता मासे फिरतात, तिथे दोरीवर कुणाचा तरी सदरा वाळत होता. हे गाव मुलीने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि आता ती त्यातून चालत होती.

आईने मान तिरपी केली. हल्ली तिला कडेनेच नीट दिसायचं.

"पुढे घे," ती म्हणाली. "विहिरीपाशी डावीकडे. आता तिसरं घर."

मुलीने माउस सरकवला. दार आलं. दाराशेजारी हातभर पांढरी फुली, तिच्याखाली तारीख आणि सही. आज त्यांच्या घरातल्या प्रत्येक कागदावर असते तीच, वडिलांची सही.

वडील उठून उभे राहिले. खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली होती.

"ही फुली मी मारली," ते म्हणाले. "सगळ्याच मी मारल्या. तुझ्याशी खोटं बोललो."

आईने पडद्यावरची नजर काढली नाही. तिचं बोट फुलीवरून वर गेलं, दाराच्या वर, माळ्याच्या लहानशा खिडकीवर टेकलं.

"इथे मी उभी होते. घर रिकामं समजून तुम्ही फुली मारलीत, आणि मग आमच्या पायरीवर बसून कितीतरी वेळ रडलात," ती म्हणाली. "पुढे तुमच्याकडून लग्नाची मागणी आली, तेव्हा घरचे सगळे नको म्हणत होते. मी म्हटलं, मला हाच माणूस हवा."