आकडा

डॉक्टरबाईंनी नवा रिपोर्ट निवृत्त लाइनमन तातोबांपुढं सरकवला. कर्करोगाच्या गाठीवर वर्षभर लागू पडलेली गोळी आता चालेनाशी झाली होती.

"पेशीला 'वाढ, वाढ' असा निरोप देणारं प्रोटीन आपण गोळीनं बंद केलं होतं. आता गाठ दुसऱ्याच प्रोटीनकडून निरोप घेतेय."

तातोबा ताठ बसले. "म्हणजे आपण कनेक्शन तोडलं, तर तिनं शेजारच्या तारेवर आकडा टाकला म्हणा!"

"अगदी तसंच."

"तीस वर्षं खांबावर चढून वीजचोरांचे आकडेच काढले, बाई. आज काढला की उद्या पुन्हा टाकायचे."

बाईंनी नव्या गोळीची चिठ्ठी लिहिली. "खरं सांगते, गाठ पुन्हा आकडा टाकू शकते."

तातोबांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

"टाकू दे की. मी कुठं शिडी मोडीत काढलीय?"