चार कप

मनगटातून शिरलेली केसाएवढी तार पडद्यावर हृदयापाशी पोचली, गुठळी फोडून परतही आली. वृंदाताईंना मुंगी चावल्याइतकंही कळलं नाही.

"झालं, काकू. सांगितल्याप्रमाणे अकरा मिनिटं! निघा आता घरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"चार दिवस ठेवून घेणार नाही?"

"छे! घाबरू नका, तो काळ गेला."

यजमानांची छाती उघडली होती तेव्हा दवाखान्यात माणसांची रीघ लागली होती. सौमित्र कॅनडाहून धावत आला होता. काल फोनवर तोच म्हणाला, "आई, अकरा मिनिटांसाठी कशाला येऊ?"

वृंदाताईंनी पिशवी उचलली. भेटायला येणाऱ्यांसाठी घेतलेले चार कप आत किणकिणले. दारापाशी त्या थबकल्या.

"डॉक्टर, पुन्हा एकदा नीट बघता का? काहीतरी राहिलं असेल."