लाल ठिगळाचं घोंगडं

आमच्या माळावर शूटिंग झालेल्या त्या भुताच्या पिक्चरचा दुसरा भाग येणार, म्हणून विश्रामबागच्या थेटरात पहिला पुन्हा लागला. मी सासूबाईंना घेऊन गेले. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो.

मागं कॉलेजची पोरं हसत होती. पुढं एक बाई डोळे झाकून बसली होती.

पडद्यावर मेंढरांमागून माझे सासरे चालत आले. खांद्यावर घोंगडं, त्याच्या कोपऱ्याला मीच शिवलेलं लाल ठिगळ. शूटिंगच्या आदल्या वर्षीच आम्ही त्यांना त्या घोंगड्यासकट माती दिली होती.

आत्याबाईंनी पडद्याला हात जोडले. "लय उपकार झालं पिक्चरवाल्यांचं. ह्यांस्नी पुन्यांदा चालताना बघितलं."

मध्यंतरात दुसऱ्या भागाची जाहिरात लागली. तोच माळ, तीच मेंढरं. सासरे थांबून आमच्याकडे बघत होते. खांदा मोकळा होता.

एसीचा गारठा वाढला होता. आत्याबाईंना शाल द्यायला मी वळले.

"नगं बाई," त्या समाधानानं म्हणाल्या. "काळजी हाय त्यास्नी माझी."

आणि त्यांनी घोंगडं गळ्यापर्यंत ओढून घेतलं. लाल ठिगळ माझ्याच बाजूला होतं, ओल्या मातीनं माखलेलं.